खळ्यातली बोट

माझे सासरे हैबती तरुणपणी मुंबईच्या बंदरात एका बोटीचं इंजिन सांभाळायचे. बोटीखाली पोलादी पंख होते. वेग घेतला की ती पाण्याच्या वर उचलली जाऊन धावायची. एकदा त्यांचा जोडीदार मुरारी, आमच्याच कापडे गावचा, तिच्यावरून समुद्रात पडला. इंजिनाच्या आवाजात सासऱ्यांना हाक ऐकू आली नाही. मुरारी सापडलाच नाही.

ती बोट भंगारात निघाली तेव्हा सासऱ्यांनी ट्रेलरवरून आणून आमच्या खळ्यात ठोकळ्यांवर ठेवली. दोन वर्षं गंज खरवडला, पंख सरळ केले, इंजिन जुळवलं.

दसऱ्याला मी नांगर पूजला, पंप पूजला, तसाच बोटीपुढेही नारळ फोडला. सासरे धावत आले.

"काय केलंस गो? बोटीवर नारळ निघताना फोडतात. आता ती निघंल!"

"अवो मामा, डिझेल नाय, पाणी नाय, निघंल कशी?" मी हसले.

तेवढ्यात इंजिन सुरू झालं. बोट ठोकळ्यांवरून वीतभर वर उचलली गेली. मी देवाचं नाव घेतलं. त्या आवाजात कोणीतरी ओरडत होतं, "हैबती, थांबव रे!"

सासरे वर चढले. "ऐकलं रे मुरारी, या वेळी ऐकलं," म्हणत त्यांनी इंजिन बंद केलं. बोट अलगद खाली बसली.

बोटीपासून अनवाणी पावलांचे ओले ठसे उमटत गेले होते. त्यांना खारा वास होता. सासरे आणि मी त्यांच्यामागून गेलो. ठसे मुरारीच्या उंबऱ्यापाशी संपले. इतकी वर्षं एकटी राहणारी त्याची बायको तुळसाबाई आत दोन ताटं वाढत होती.