एकच डाव, मग माळा

माझी बायको शाळेत मराठी शिकवते आणि गेली काही वर्षं ती शाळेची परीक्षाप्रमुखही आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात मला मराठीनेही मारलं आणि परीक्षेनेही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या घरात आदर हा धोक्याचा इशारा असतो. लग्नाआधीपासून ती मला अरे-तुरे करते. "अरे, दूध उतू गेलं" म्हणाली की सगळं ठीक असतं. "अहो, दूध उतू गेलं" म्हणजे दुधाबरोबर तीही तापलेली असते. आणि "आपण दुधाकडे लक्ष ठेवणार होतात ना?" असं ऐकू आलं की मी निमूटपणे चपला घालून दुसरी पिशवी आणायला निघतो. तिचं माहेर सदाशिव पेठेतलं. तिथे आवाज चढवणं बरं दिसत नाही, म्हणून सगळा संताप क्रियापदात भरतात. होतात, आहात, गेलात. शेवटचा तो 'त' ऐकला की आपली धडगत नाही हे मला कळतं. चुकून आला असेल अशी आशा करायलाही जागा नसते, कारण तिचं क्रियापद कधी चुकत नाही.

आता माझ्याबद्दल. मला खेळांचा नाद आहे, पण कॅरम-बुद्धिबळाचा नाही. माझ्या खेळांमध्ये ड्रॅगन असतात, जादूगार असतात, आणि खेळणारे एकमेकांशी न लढता सगळे मिळून पत्त्यांच्या एका गठ्ठ्याशी लढतात. जिंकले तर सगळे जिंकतात, हरले तर सगळे. आम्ही तीन मित्र दर रविवारी असे खेळायचो. त्यातला एक मुलीकडे बंगळुरूला राहायला गेला. दुसऱ्याला डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं, तर तो दर रविवारी सिंहगड चढतो आणि वरून मला पिठलं-भाकरीचे फोटो पाठवतो. मुलगा हॉस्टेलवर. धायरीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये उरलो आम्ही दोघं आणि कपाटाच्या मधल्या दोन फळ्यांवरचे माझे खेळांचे अकरा डबे.

संध्याकाळी ती उत्तरपत्रिका तपासत बसायची आणि मी तिच्यासमोर बसून फोनवर परक्या लोकांचे खेळ बघायचो. वाईट वाटायचं. नुसता जोडीदारच हवा असता तर तो ऑनलाइन मिळाला असता. मला तीच हवी होती, टेबलाच्या पलीकडे, हातात पत्ते धरून. पण इतक्या वर्षांच्या संसारानंतर असं काही तोंडाने बोलून दाखवायची आमच्यात पद्धत नाही. म्हणून मी लबाडी केली. म्हणालो, "चल, पत्ते खेळू."

ती एकदम खूश झाली. तिच्या माहेरी मे महिन्याच्या सुट्टीत पत्त्यांचा अड्डा बसायचा आणि त्यात दयामाया नसायची. तापाने फणफणलेल्या मामालाही तिने अंथरुणात जाऊन झब्बू दिला होता, हे ती अजून अभिमानाने सांगते. पदर खोचून ती टेबलाशी बसली, पहिला पत्ता उचलला आणि उलटसुलट करून बघितला.

"हा कोण?"

"हा बुटका. कुऱ्हाड चालवतो."

"एक्का कुठाय?"

"यात एक्का नसतो."

"हुकूम?"

"नाही."

"मग हरणार कोण?"

मी तिला समजावलं की यात आपण एकमेकांना हरवत नाही, दोघं मिळून त्या ड्रॅगनला हरवतो. तिने पत्ता शांतपणे खाली ठेवला. "म्हणजे सगळ्यांनी मिळून बसायचं, तास-दोन तास घालवायचे आणि शेवटी कोणाची चूक ते ठरवायचं नाही. ही आपल्या सोसायटीची मीटिंग झाली. तिला मी जात नाही, तुला पाठवते."

मग मी प्रात्यक्षिक करायचं ठरवलं. एका रविवारी सकाळी दोन्ही बाजूंनी एकटाच खेळलो. जादूगारासाठी घोगरा आवाज काढला आणि बुटक्यासाठी किरटा, की तिला ऐकून उत्सुकता वाटावी. ती नेमकी तेव्हा भाजी आणायला गेलेली. ऐकलं ते धुण्याभांड्याच्या मावशींनी. ती परत आल्यावर त्यांनी तिला दारातच गाठलं आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "ताई, दादा येकटेच दोन आवाजांत बोलत्यात. बघून घ्या जरा." त्यानंतर दोन दिवस बायको माझ्याशी फार प्रेमाने वागली. मला ते अजिबात आवडलं नाही.

तिची खरी तक्रार मला नंतर कळली. पत्त्यांवरचं इंग्रजी बारीक होतं. "दिवसभर पोरांचं अक्षर लावायचं, आणि घरी येऊन या मुंग्या वाचायच्या?" ती म्हणाली. यावर मी जे केलं ते करायला नको होतं. मी अख्खा एक खेळ मराठीत आणला. पंधरा दिवस खपून प्रत्येक पत्त्यावर कागदाची पट्टी चिकटवली आणि नियमांचं पत्रकही मराठीत लिहून काढलं. ड्रॅगनला शब्द सुचेना, म्हणून त्याला 'पंख असलेला अजगर' केलं. मग सगळे पत्ते सहज राहिल्यासारखे टेबलावर पसरून ठेवले आणि आंघोळीला गेलो.

बाहेर आलो तर ती खुर्चीत बसली होती आणि तिच्या हातातल्या लाल पेनाचं टोपण काढलेलं होतं.

"यौद्धा?" ती म्हणाली.

"योद्धा हवं का?"

"योद्धाच. आणि 'जादुगार' नाही, दू दीर्घ. अजगराला पंख कुठून आले ते मी विचारत नाही, तो तुझा आणि त्याचा प्रश्न आहे. पण हे काय आहे?" तिने एक पत्ता माझ्यासमोर धरला. प्याल्यामध्ये हिरवं औषध असं चित्र होतं, घेतलं की माणूस बरा होतो. मी त्याला 'काढा' म्हटलं होतं, आणि खाली लिहिलं होतं: "काढा काढल्यास आणखी एक पत्ता काढा."

"यमक अलंकाराला उदाहरण म्हणून चालेल," ती म्हणाली. "पण मी काय करायचं? पत्ता घ्यायचा, टाकायचा, की उकळायचा?"

आणि ती हसली. पत्ता तोंडावर धरून, खांदे हलेपर्यंत हसली. मला आशा वाटली. तेवढ्यात तिला पुढचा पत्ता मिळाला. त्यावर लांब केसांची, हातात काठी घेतलेली बाई होती, आणि पट्टीवर माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'चेटकीण (तू)'.

"अहो," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी तह झाला. तिला त्या दोन फळ्या केव्हापासून हव्या होत्या, तिचे दिवाळी अंक पलंगाखाली कोंबलेले होते. ठरलं असं: रविवारी सकाळी पोहे झाले की एकच डाव. तिला तो आवडला तर डबे जागच्या जागी राहतील. नाही आवडला, तर अकराच्या अकरा माळ्यावर जातील आणि मी पुन्हा विषय काढणार नाही. रविवारी मी उठलो तेव्हा वॉचमनकडची शिडी हॉलमध्ये येऊन उभी होती. निकाल तिने आधीच लावून ठेवला आहे हे मला कळलं, आणि पोहे काही मला नीट गेले नाहीत.

खेळ सोपा होता. टेबलाच्या मधोमध सहा घरांचं गाव. दर फेरीला आम्ही दोघांनी आपल्या हातातला एकेक पत्ता पालथा ठेवायचा आणि एकदम उलटायचा. दोन्ही एकाच रंगाचे निघाले तर अजगराला घाव बसतो, वेगवेगळे निघाले तर तो एक घर जाळतो. सात घाव बसले की अजगर मेला, सहा घरं जळली की आपण. माझ्या पत्रकात लिहिलेलं होतं, "जोडीदाराला कोणतीही खूण करता येत नाही." हे वाक्य वाचून तिचा चेहरा पहिल्यांदा खुलला.

"हा नियम चांगला आहे," ती म्हणाली आणि खुर्ची अशी फिरवून बसली की माझे दोन्ही हात तिला दिसावेत.

चेटकिणीच्या पट्टीवर आता लाल शाईत 'मंत्रविशारद' लिहिलेलं होतं. पहिल्या दोन फेऱ्या तिने मुकाट खेळल्या. तिसऱ्या फेरीत पहिलं घर जळलं, तेव्हा तिने ते उचलून चित्र निरखलं. "हा दवाखाना होता का?" मी म्हटलं, नुसतं घर आहे. पण तिने तोवर बाकीच्या पाच घरांची वाटणी केली होती: शाळा, किराणा, वाचनालय, पिठाची गिरणी आणि कोपऱ्यातलं आपलं. किराणा गेला तेव्हा ती चुकचुकली. आपलं घर गेलं तेव्हा, "जाऊ दे, नाहीतरी तिथे गळत होतं," म्हणाली. वाचनालय जळलं तेव्हा मात्र तिने अजगराच्या चित्रावर बोट आपटलं आणि "मेल्या!" म्हणून ओरडली. मी मान वर केली नाही. खिडकीत पाखरू बसलं की आपण हलत नाही, तसा बसून राहिलो.

शाळाही गेली. शेवटी एक पिठाची गिरणी उरली आणि अजगराला एकच घाव बसायचा राहिला. माझ्या हातात एकच पत्ता होता, लाल. तिच्या हातात दोन होते, कारण मधे एकदा तिने काढा काढला होता. तिने लाल ठेवला तर जिंकलो, नाहीतर गिरणी गेली आणि गिरणीपाठोपाठ माझे अकरा डबे. तिने एक पत्ता निवडून टेबलावर पालथा ठेवला, पण बोट काही त्यावरून उचललं नाही. मला राहवेना. मी तिच्या लाल पेनाकडे टक लावून पाहिलं आणि खोकलो.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग पेनाकडे पाहिलं. वीस वर्षं वर्गात फिरून अशी नजर येते.

"पुन्हा खोक," ती म्हणाली.

मी नाही खोकलो. तिने ठेवलेला पत्ता परत घेतला आणि दुसरा ठेवला. "उलट."

माझा लाल निघाला, तिचा हिरवा. तिने हातातला राहिलेला पत्ता मला दाखवला. तो लाल होता. "हाच ठेवला होता मी," ती म्हणाली. "तू खूण केलीस, म्हणून काढून घेतला. माझ्यासमोर कॉपी नाही चालायची, मग गाव जळो नाहीतर राहो."

मी गिरणी उचलून बाजूला ठेवली. हरलो होतो, आणि तेही असं. नजर आपसूक शिडीकडे गेली. सगळ्यात जड डबा आधी चढवावा की शेवटी, एवढाच विचार डोक्यात होता, आणि खरं सांगतो, मला रडू यायला लागलं होतं.

"मूळ कागद दे," ती म्हणाली.

"कशाला?"

"असा वेडगळ नियम कोण करेल? दोघांनी मिळून खेळायचं आणि खूणही करायची नाही? इतका वेळ मला तेच खटकतंय."

मी डब्यातून इंग्रजी पत्रक काढून दिलं. तिने चष्मा लावला आणि त्या मुंग्यांवरून बोट फिरवत वाचत गेली. एके ठिकाणी बोट थांबलं. तिथे लिहिलं होतं की रंगाचं नाव न घेता दर फेरीत एकदा जोडीदाराला खूण करता येते. मी 'येते'चं 'येत नाही' केलं होतं. कसं केलं ते मला आजही सांगता येणार नाही.

तिने पेन उघडलं आणि माझ्या पत्रकातल्या 'नाही'भोवती लाल गोल काढला, एकावर एक, तीन वेळा. "म्हणजे दवाखाना, किराणा, शाळा, वाचनालय, सगळं या एका शब्दापायी गेलं."

"हो."

"आणि तो खोकलासुद्धा नियमात बसत होता."

"हो."

तिने चष्मा काढला. "म्हणजे," ती म्हणाली, "आपण..."

चूक माझी होती, कागदावर तिचा गोल होता, आणि समोर शिडी उभी होती. मी त्या 'त'ची वाट बघत बसलो.

"...हरलो," ती म्हणाली.

मी पुन्हा एकदा मनातल्या मनात ऐकलं. हरलो. हरलात नाही, हरलास नाही. तिचं क्रियापद कधी चुकत नाही.

"बघतोस काय?" तिने सगळे पत्ते स्वतःकडे ओढून घेतले. "ती शिडी वॉचमनला देऊन ये. तोवर मी पिसते. आणि तुझा खोकला राहू दे तसाच."