मुराळी नाना

भर बाजारात एखाद्या दुकानदाराच्या गल्ल्यापुढे उभं राहून, "लेकले धाडतस का?" असं विचारणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. त्यापायी मार खाता खाता वाचलेलाही पाहिलाय. नानांना लेक हवी नसायची हो, दुकानावरची पाटी हवी असायची. जुनी, काचेच्या नळ्या वाकवून केलेली, लाल-निळी उजळणारी निऑनची पाटी. दुकानदार चकचकीत नवा बोर्ड लावायला निघाला की ती भंगारात जायची आणि इकडे नानांचा जीव खालीवर व्हायचा. मग खांद्यावर गोधडी, हातात सांजोऱ्यांचा डबा, की निघाली स्वारी! आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. त्यांना आणायला सासरी जातो तो मुराळी. नाना पाट्यांचे मुराळी. आधी डबा पुढे करायचे, मग पाटीकडे बोट. दुकानदार हसत हसत पाटी देऊन टाकायचा.

मी लग्न होऊन धुळ्याला देवपुरात आले, तेव्हा नाना आमचे शेजारी. जन्मभर धुळे-जळगाव गाडीवर कंडक्टर, आता रिटायर. पहिल्याच सकाळी कुंपणावरून त्यांनी विचारलं, "पोरी, कोनी तू?"

"जळगावची. शीतल."

"शीतल? स्टँडजवळ शीतल कोल्ड्रिंक शे, ती?"

"ते आमचंच दुकान."

झालं! नाना घराकडे तोंड करून ओरडले, "आयकस का वं, भाईर ये! शीतलनी धाकली बहीन उनी!" त्यांच्या बायको, म्हणजे साऱ्या गल्लीच्या अक्का, पिठाचे हात घेऊन धावत आल्या.

वडिलांच्या दुकानावर लाल अक्षरांत माझं नाव होतं. दुकानाला माझं नाव दिलं की मला दुकानाचं, यावर आमच्या घरात कायम वाद. नानांनी तो एका फटक्यात मिटवला. "ती थोरली, तू नंतरनी." लाल शीतल दिसली की ते गाडीतल्या झोपलेल्या माणसांना उठवायचे, "उठा उठा, जळगाव उनं!" त्यांची अहिराणी मला सगळी कळायची, पण बोलायला गेले की नाना पोट धरून हसायचे. "तू आपलं पुस्तकमानंच बोल."

पाट्यांचा मुक्काम गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये. वर्षभर गोधड्यांत गुंडाळलेल्या, आणि आखाजीच्या संध्याकाळी एकजात सगळ्या लावायच्या. "बठ्ठ्या लेकी माहेरले येतस, मंग यास्नी काय घोडं मारं?" त्यात एक चपलांच्या दुकानाची पाटी होती, एक नुसताच निळा मोर होता आणि 'आशीर्वाद लॉज' होतं. या लॉजने एकदा घोटाळाच केला. पाटी बघून एक जोडपं बॅगा घेऊन दारात हजर, खोली आहे का म्हणून. नानांनी त्यांना आत घेतलं, अक्कांनी शेवभाजी-भाकरी वाढली, बैठकीत गाद्या घातल्या. सकाळी त्या जोडप्यानेच चहाला उशीर झाला म्हणून कुरकुर केली! "घर शे का बाजार?" अक्का आठवडाभर फणफणत होत्या. नाना मात्र खूश.

मग माझे वडील गेले, पाठोपाठ आई. भाऊ पुण्यात, त्याने दुकान विकायला काढलं. त्या वर्षी आखाजीला जायला मला घरच उरलं नव्हतं. सणाच्या सकाळीच भावाचा फोन आला की नवीन मालक दुकान पाडणार, पाटी भंगारवाला नेईल. मी "नेऊ दे" म्हटलं आणि अंगणातच रडत बसले. वर बघते तर कुंपणापलीकडे नाना चपला घालत होते.

"रडू नको. मी लई येसू तिले." घेऊन येतो म्हणाले आणि सरळ जळगावची गाडी धरली.

संध्याकाळी टेम्पो दारात आला. मागे गोधड्यांच्या ढिगावर नाना, आणि त्यांच्या मांडीवर माझ्या वडिलांची पाटी. बिचारा ड्रायव्हर मलाच सांगत होता, "ताई, काच फुटेल म्हणून एरंडोलपर्यंत यांनी शिव्या घातल्या आणि पुढे हात जोडले. परत यांचं भाडं घेणार नाही!"

पाटी गच्चीवर चढवली, तारा जोडल्या. नानांनी बटण दाबलं. ट्रान्सफॉर्मर गुरगुरला, पण उजेड काही येईना. बाकी सगळ्या पाट्या झगमगत होत्या आणि माझीच काळी. माहेरचं तेवढंच तर शिल्लक होतं. नानांनी दोनदा तारा हलवून पाहिल्या. मग वाकून पाटीजवळ तोंड नेलं आणि ठेवणीतला कंडक्टरी आवाज काढला,

"उठा उठा, जळगाव उनं!"

एका नळीत लाल रेघ उठली, थरथरली, विझली, पुन्हा उठली आणि 'शीतल' लख्ख लागली! खालचं 'कोल्ड्रिंक' मात्र मेलेलंच राहिलं.

"धंदा गया, लेक शे!" नाना ओरडले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "देख पोरी, तुनं माहेर उनं."

मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून भोकाड पसरलं. अक्कांनी आमरसाची वाटी हातात दिली तेव्हा कुठे थांबले.

गेल्या थंडीत नाना गेले. यंदा आखाजीला अक्कांनी पितरांसाठी भरतात तशी त्यांच्या नावाची घागर भरली आणि संध्याकाळी पाट्यांची बटणं मी दाबली. पुढच्याच आठवड्यात एरंडोलहून एका हॉटेलवाल्याच्या शेजाऱ्याचा फोन आला. तिथली जुनी पाटी उतरवतायत, नाना येतील का? मी म्हटलं, "नाना नाहीत. मी येते." अक्का आत गेल्या, सांजोऱ्यांचा डबा भरून आणला आणि नानांची गोधडी माझ्या खांद्यावर टाकली.

हॉटेलवाल्याने मला खालून वर न्याहाळलं. "कोण पाहिजे, बाई?"

मी डबा पुढे केला. पुस्तकातलं एकही वाक्य आठवेना.

"मी मुराळी शे," मी म्हटलं. "लेकले धाडतस का?"