ओल्सन साहेबांची दुभाषीण

किस्से काही मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. दोन परदेशी पाहुणे, एक तोंडाळ ड्रायव्हर आणि एक घाबरट दुभाषीण अशी चार माणसं आठ दिवस एका जीपमध्ये कोंबा, आणि मग बघा! आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, आजही बाप्तिस्मा असो की लग्न, चहाचे कप फिरले की कुणीतरी म्हणतंच, "बाई, ते ओल्सन साहेबांचं सांगा ना!"

तर ऐका. वर्धा तेव्हा मध्य प्रदेशात होतं. मी मिशनच्या अनाथाश्रमाच्या शाळेत शिकवायची. नागपूरला राहून इंग्रजी शिकलेली, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं. पाहुणे नॉर्वेचे. ओल्सन साहेब पाळक, म्हणजे पाद्री, सत्तरीकडे झुकलेले, दाराच्या चौकटीला डोकं लागेल इतके उंच. त्यांची धाकटी बहीण मिस ओल्सन, तीस वर्षं नर्स. खेड्यातल्या आमच्या मंडळ्या बघायच्या आणि शेवटी आश्रमात यायचं, असा बेत. जीप चालवायला नाचणगावचे गुलाबराव. कुणब्याच्या घरचे, गळ्यात तुळशीची माळ. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, "बाई, मी गाडी हाकतो. धरम नाई हाकत."

दिवस मात्र हसण्याचे नव्हते. मिशनवाले लोकांना बाटवतात का, यावरून सरकारात आणि पेपरात बरंच उलटसुलट चाललं होतं. गोरा माणूस दिसला की लोक बोलता बोलता गप्प व्हायचे. आश्रम ज्या चालवायच्या त्या मोठ्या बाईंनी निघताना मला बाजूला घेतलं. "शांता, तुझ्या तोंडून एक शब्द वाकडा गेला, तर आश्रमाच्या दाराला कुलूप लागेल."

* * *

दुसऱ्याच दिवशी, पुलगावच्या पुढे एका गावात शिरताना रस्त्यावर बैलगाडी आडवी लावलेली!

गुलाबरावांनी ब्रेक मारला. बघता बघता तीस-चाळीस माणसं भोवती. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात तुतारी, म्हणजे बैलाला टोचायची ती. कुणीतरी उठवलं होतं की गोरे लोक लहान पोरं उचलून नेतात. आमच्या मागच्या सीटवर मुलांना वाटायच्या चित्रांची पेटी होती. एक जण ओरडला, "पेटी उघडा! पेटीत पोरगं आहे!"

मी उघडते म्हटलं, तर कुलपाची किल्ली साहेबांकडे. आणि साहेब खिसे चाचपतायत. कोटाचे, पॅन्टचे, परत कोटाचे. किल्ली सापडेना. का, तर चष्मा नाही. चष्मा कुठे? कपाळावर! लोक पुढे सरकले. एक काठी बोनेटवर आपटली. मिस ओल्सननं माझा हात असा दाबला की बांगडी रुतली.

गुलाबराव सीटवर उभे राहिले. "काऊन बे, डोकशात काई आहे का? ह्या बुढ्याले कपायावरचा चष्मा सापडून नाई राह्यला, तो तुमचे पोट्टे कुठून शोधन?"

तेवढ्यात मागून एक म्हातारी खुदकन हसली. मग सगळेच. बैलगाडी बाजूला झाली आणि त्या म्हातारीनं स्वतःच्या हातानं साहेबांचा चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

साहेबांनी विचारलं, "ड्रायव्हरनं काय सांगितलं त्यांना?"

मी म्हटलं, "तुमची ओळख करून दिली, सर."

* * *

पुढचं गाव म्हणजे वीस-पंचवीस घरं आणि एक कुडाचं चर्च. शेणानं सारवलेली जमीन, वर गवताचं छप्पर, पुढे एक टेबल. टेबलामागे भिंतीशी जुन्या तरटांचा ढीग. समोर बसलेल्यांत खांद्यावर घोंगडी टाकलेले दौलतकाका, त्या मंडळीतले वडीलधारे.

साहेबांचा उपदेश रंगात आला होता. विषय, समुद्रातलं वादळ. ते इंग्रजीत एक वाक्य बोलायचे, मी त्याचं मराठी करायची. माझी नजर सहज त्यांच्या पायांकडे गेली. तरटांतून नाग बाहेर आला होता. साहेबांच्या टाचेपासून दीड हात!

साहेब म्हणाले, "नाव हेलकावे खाऊ लागली."

मी म्हटलं, "कुणी ओरडू नका. साहेबांच्या पाठीमागे नाग आहे."

समोर चाळीस माणसं. एकानंही हूं की चूं केलं नाही.

साहेब म्हणाले, "शिष्य फार घाबरले!"

मी म्हटलं, "लेकरं मांडीवर घट्ट धरा. दौलतकाका, तुम्ही कडेकडेनं पुढे या. घोंगडी हातात घ्या."

साहेबांना चेव चढला. त्यांनी दोन्ही हात वर केले. नागानं फणा काढला. मी इंग्रजीत म्हटलं, "सर, मागच्या लोकांना ऐकू येत नाही. दोन पावलं पुढे याल का?" साहेब पुढे आले. त्याच क्षणी दौलतकाकांनी घोंगडी टाकली, तिच्यासकट नाग तरटात गुंडाळला आणि गाठोडं काखेत न धरता, लांब हातात धरून धावत बाहेर गेले.

संध्याकाळी साहेबांचे डोळे भरून आले होते. "मिस शांता, आयुष्यभर उपदेश केला, पण इतकं तल्लीन होऊन कुणी ऐकलं नव्हतं. एक गृहस्थ तर भारावून घोंगडी फेकून बाहेर पळाले!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात गुलाबराव पुटपुटले, "नका सांगू बाई. खुशीत आहे बुढा."

* * *

कारंज्याला मात्र खरी परीक्षा होती. तिथल्या रेस्ट हाउसवर एक अधिकारी आमची वाट बघत बसले होते. समोर कागद, बाजूला शिपाई. जवळच्या पाड्यावरच्या आमच्या मंडळीतल्या लोकांना त्यांनी बोलावून घेतलं होतं. धर्म बदलायला लालूच दाखवली का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. साहेबांना आणि मिसला त्यांनी खुर्च्या दिल्या, पण एक शब्द बोलायची मनाई केली. मलाही.

पहिलाच उभा राहिला तो सोमा, साठीचा गोंड म्हातारा. जंगलात लाकूडतोड करायचा. अधिकारी म्हणाले, "घाबरू नकोस. खरं सांग. यांच्यात गेलास तेव्हा तुला काय मिळालं?"

सोमा विचारात पडला. खरंच कुणी काही दिलं होतं की काय?

"मियालं ना साहेब," सोमा म्हणाला. अधिकाऱ्यांनी पेन उचललं.

"मोहाची दारू सोडाले लावली. दुसरी बायको करणार होतो, ते नाई करू देली. दर ऐतवारी दोन घंटे मांडी घालून बसाले लावते, मंग घुडघे धरते." सोमानं दोन्ही हात जोडले. "साहेब, ह्याले लालूच म्हणते का सजा, ते तुमीच लिवा."

शिपाई खोकत खोकत बाहेर गेला. अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "पुढचा."

पुढच्या कुणाला त्यांनी फार विचारलं नाही.

* * *

तिथून परतताना एका वस्तीवर बायकांची पळापळ दिसली. भर दुपार. एका घरात बाई अडली होती, सकाळपासून. मिस ओल्सन जीप थांबायच्या आधी उतरली. पण दारात सासू आडवी. "गोरी माह्या घरात नाई येणार. सून मेली तरी नाई!"

आत गावची सुईण होती, चंद्रभागा. मिस दारापाशी भांडली नाही. कुडाच्या भिंतीला लागून खाली बसली आणि मला म्हणाली, "मी विचारते ते आत विचार."

मग सुरू झालं! मिस इंग्रजीत भिंतीला विचारायची, मी ओरडून वऱ्हाडीत करायची, आतून चंद्रभागेचं तुटक उत्तर यायचं. बाळाचं डोकं दिसतं का? दिसते. बाईला कुशीवर वळव. वयवली. गळ्याला नाळ आहे का? आतून काहीच नाही. मी पुन्हा ओरडले. काहीच नाही. मिसनं डोळे मिटले. "तिला सांग, ओढू नको. बोट घाल, सैल कर, डोक्यावरून काढ." मी सांगितलं.

त्यानंतरची ती दोन मिनिटं! सासूनं तोंडात पदर कोंबला होता.

आणि मग आत टँहँ झालं.

चंद्रभागा बाहेर आली. कोपरापर्यंत हात भरलेले. मिसकडे तिनं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मला म्हणाली, "तिले सांग, तिनं सांगतलं ते मी पयलेच करून ठेवलं होतं."

मिसनं विचारलं, "काय म्हणते?"

मी म्हटलं, "आभार मानते."

"खोटं," मिस ओल्सन म्हणाली. "तीस वर्षं नर्स आहे मी. नर्सनं नर्सला असं बघितलं, की त्याचा अर्थ मला कळतो!"

* * *

शेवटचे दोन दिवस आश्रमात. ठरलं होतं की जाताना पाहुणे तिघं जायचे. गेले दोघंच.

मिस ओल्सनच्या गावच्या एका जोडप्याला मूल नव्हतं. त्यांना मुलगी दत्तक हवी होती. आमच्या मुलींमधून कमल निवडली गेली, सहा वर्षांची. हुशार, गोड गळ्याची. मोठ्या बाईंनाही वाटलं, पोरीचं सोनं होईल. कमलला नवा फ्रॉक शिवला. ती दिवसभर तो घालून फिरत होती आणि भेटेल त्याला विचारत होती, "तिकडे बर्फ खातात का हो?"

दुपारी व्हरांड्यात पासपोर्टचा अर्ज भरायला बसलो. मिसच्या हातात पेन, शेजारी साहेब, समोर मोठ्या बाई. मी मधे. कमल साहेबांच्या खुर्चीला लटकलेली.

नाव झालं. गाव, वर्धा. आई-वडील? मोठ्या बाई म्हणाल्या, "माहीत नाहीत. फाटकापाशी टोपलीत ठेवलेली सापडली, दोन-तीन महिन्यांची असेल."

"जन्मतारीख?"

"लिहा, पंचवीस डिसेंबर. ज्यांची ठाऊक नाही, त्या सगळ्या आमच्याकडे नाताळालाच जन्मतात." मोठ्या बाई हसल्या.

मिस लिहायला वाकली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सोनाबाई चहाचा ट्रे घेऊन आली. पाच वर्षांपासून आमच्याकडे स्वयंपाकाला होती. कामात चोख, बोलणं जवळजवळ नाहीच. कुठून आली, कुणाची कोण, कधी कुणी विचारलं नव्हतं. तिनं ट्रे टेबलावर ठेवला. हात काढून घेतला नाही.

"नाताळात नाई," सोनाबाई म्हणाली.

सगळ्यांनी मान वर केली.

"तान्ह्या पोळ्याच्या दिवशी. दुपारी. पोट्टे लाकडाचे बैल घेऊन दारावरून चालले होते, तवा."

सोनाबाईची नजर कमलवर होती. कमल कपांकडे बघत होती.

"काय म्हणाली ती?" मिस ओल्सननं मला विचारलं.

मी शब्दाला शब्द सांगितलं.

मिसनं सोनाबाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग कमलकडे. मग पेनाला टोपण लावलं, उभी राहिली, आपली खुर्ची उचलून सोनाबाईच्या मागे नेऊन ठेवली आणि मला म्हणाली, "यांना सांग, बसा."