आईचा तेवढा एकच फोटो

इथले किस्से मी नेहमी वाचतो आणि खरं सांगायचं तर बरेचदा हसतो. चकवा, हडळ, उलट्या पायांच्या बाया… आमचं घर बौद्ध. भिंतीवर बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावलेल्या. गावात कुणाच्या अंगात आलं, तर माझी आई त्याला आधी तांब्याभर पाणी द्यायची आणि मग चार शिव्या. त्यामुळे हे लिहिताना मला लाज वाटतेय. पण आमच्या माणसांत हे बोलायची सोय उरलेली नाही.

२००६-०७ च्या सुमाराची गोष्ट. मी सणसवाडीला एका कंपनीत मशीन ऑपरेटर होतो, शिक्रापूरला खोली करून राहायचो. आई दौंडच्या अलीकडे आमच्या गावी, दादा-वहिनीजवळ. दादा रेल्वेत गँगमन. त्या वर्षी मी हौसेने डिजिटल कॅमेरा घेतला — चंदेरी, चपटा, शर्टाच्या खिशात आरामात मावणारा.

वस्तू दिसायला देखणी, वागायला नाठाळ! उन्हात स्क्रीनवर काही दिसायचं नाही. फ्लॅश चार्ज होईपर्यंत समोरच्याचं हसू वाळून जायचं. बॅटरीचं तर विचारूच नका. तरी मी तो मिरवायचो. बाइकचे फोटो, रूम पार्टनरचे फोटो, शिक्रापूरच्या चौकात अडकलेल्या ट्रकांचेसुद्धा फोटो. आईचा एकही नाही.

ती म्हणायची, “रवी, माजाबी काड की येक.” मी म्हणायचो, “काडू गं, घाई काय हाय?” एकदा ती खरंच आत जाऊन निळ्या काठाचं लुगडं नेसून आली, केस विंचरून दारात उभी राहिली. तोवर दादाच्या पोरांचे फोटो काढून काढून मी बॅटरी संपवली होती. “माजी पाळी आली की बरा मरतो रं तुजा डबा!” आई म्हणाली. सगळे हसले. मीही हसलो.

ज्या दिवशी आई गेली, त्या दिवशी माझी फर्स्ट शिफ्ट होती. सुटल्यावर मित्राच्या घरी बारशाला जायचं म्हणून कॅमेरा बरोबर घेतला होता. आमच्या कंपनीत कॅमेरा आत नेता येत नाही. गेटवर सिक्युरिटीकडे जमा करायचा, रजिस्टरला सही करायची आणि टोकन घ्यायचं. सकाळी पावणेसातला जमा केला, दुपारी साडेतीनला परत घेतला. तो खिशात टाकतोय तोच मोबाइल वाजला. शेजारच्या शांतामावशी होत्या.

आईला आठवडाभर बरं नव्हतं, तरी त्या दिवशी ती घरात एकटीच होती. दादा ड्युटीवर, वहिनी पोरांना घेऊन माहेरी. मावशी तीनच्या सुमाराला ताक मागायला गेल्या, तर आई उंबऱ्याशी पडलेली. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक.

पाचव्या दिवशी जलदान विधी ठरला. आमच्यात फुलं, मेणबत्ती सगळं फोटोपुढे. आणि आईचा फोटो म्हणजे काय, तर मतदान ओळखपत्रावरचा. त्यात बाई आहे की बुवा तेही कळत नव्हतं. आदल्या दिवशी दादा म्हणाला, “रव्या, तुज्या डब्यात असंल की आईचा एखांदा.”

नाही म्हणायला माझी जीभ रेटेना. दादानेच कॅमेरा घेतला, बटण दाबलं. शेवटचाच फोटो आईचा! दारात उभी, तेच निळ्या काठाचं लुगडं, डोक्यावर पदर, थेट कॅमेऱ्याकडे बघतेय.

“ह्यो कवा काडला? झ्याक आलाय की!”

हा फोटो मी काढलाच नव्हता. पण दहा-बारा नातेवाईक माझ्याकडे बघत होते. आणि ‘याच्याकडे कॅमेरा असून आईचा एक फोटो नाही’ असं कुणी म्हणायच्या आत मी बोलून गेलो, “मागं काडलाता.”

एवढंच खोटं बोललो मी.

दौंडला फ्लेक्स केला, सहा बाय चार. फ्लेक्सवाल्याने फोटो होता तसा अख्खा लावला. सकाळी मांडवात बांधला, लोक जमायला लागले. आमचे मामा पोस्टातून रिटायर झालेले. कशावरचाही शिक्का आधी वाचायचा, ही त्यांची जन्माची खोड. त्यांनी चष्मा सावरला आणि फ्लेक्सच्या कोपऱ्यातले कॅमेऱ्याचे नारिंगी आकडे मोठ्याने वाचले. तारीख आई गेली त्याच दिवसाची. वेळ, दुपारी एक चाळीस.

मग सगळ्यांनी फोटो पुन्हा पाहिला. दोन इंची स्क्रीनवर जे दिसलं नव्हतं, ते आता लांबूनही दिसत होतं. आईच्या कपाळावर घाम डवरला होता. डावा हात पदराखाली छातीवर दाबून धरलेला होता.

“तू आलावतास?” दादाने विचारलं.

“न्हाई दादा. मी ड्युटीवं व्हतो.”

“मग ह्यो कुनी काडला?”

“मला न्हाई म्हाईत.”

“काल धा मानसांत तूच म्हनलास ना, मी काडला म्हून? तिला कळ येत व्हती, आन् तू फोटू काडून निघून गेलास व्हय रं?”

बौद्धाचार्य आले, त्रिसरण-पंचशील झालं. मी फूल वाहायला पुढे झालो, तेव्हा वहिनीने ताट बाजूला घेतलं.

मी काय काय केलं ते सांगतो. गेटवरचं रजिस्टर पाहिलं. जमा पावणेसात, परत साडेतीन, दोन्हीकडे माझी सही. गार्ड यूपीचा. तो म्हणाला, “अलमारी में बंद था भाई, चाबी मेरी कमर में.” आदल्या रविवारच्या एका फोटोत भिंतीवरचं घड्याळ आलंय, त्याच्याशी वेळ ताडून पाहिली, कॅमेऱ्याचं घड्याळ मिनिटाला बरोबर होतं. सणसवाडीहून आमच्या गावाला बाइकने नुसतं जायलाच दोन तास लागतात, आणि माझ्या हजेरी कार्डावर पूर्ण शिफ्ट आहे. हे सगळं मी दादाला सांगितलं, रजिस्टर बघायला चल म्हणालो. “कंपनी तुजी, मानसं तुजी,” म्हणाला आणि दार लावून घेतलं.

मला राग येतो तो याचाच. आजारी आईला एकटीला टाकून घर रिकामं कुणी ठेवलं? चार दिवस दादा मान खाली घालून बसला होता. त्या फोटोने त्याची मान वर केली. आता सगळ्या भावकीत आईला मी मारली, त्याने नाही!

आणि दादा म्हणतो ते खरं असतं, तर एका परीने बरंच झालं असतं, असंही मला वाटतं. निदान दुपारी एक चाळीसला तिच्यासमोर कुणीतरी होतं. ती ज्याच्याकडे बघतेय, त्याच्याकडे ओळखीने बघतेय. फोटो मी शेकडो वेळा पाहिलाय. परक्या माणसापुढे आई अशी उभी राहिली नसती.

माझ्याकडे याचं काही स्पष्टीकरण नाही. तुमच्यापैकी कुणाला सापडलं, तर मला सांगू नका. माझ्या दादाला जाऊन सांगा. माझ्याशी तो बोलत नाही.