सोनूबाईनं वेस ओलांडली

सोनूबाई मला कधीच आवडली नाही. आजही आवडत नाही. मी क्रांती, आमच्या गावची आशाताई. गरोदर बायका, बाळांचे डोस, डासांची पाहणी, सगळं माझ्या गळ्यात. त्यामुळे गावातल्या प्रत्येक उंबऱ्यावर मला उभं राहावं लागतं, आणि कुठल्या उंबऱ्यावर काय ऐकून घ्यायचं ते आता पाठ झालंय. सोनूबाईच्या दारात "आली बघा रिकामटेकडी" हे ठरलेलं. एकदा तर तिनं मासळी धुतलेलं पाणी असं भिरकावलं की माझी साडी चिंब. वर म्हणते कशी, "दिसली न्हाईस गो." हाताच्या अंतरावर उभी होते मी.

आमचं गाव रेवदंड्याच्या खाडीत आतल्या अंगाला. घरांच्या मागे वाळवणाची मोकळी जागा आहे, तिथे बोंबील टांगायला बांबूच्या वलांड्या उभ्या केलेल्या. सोनूबाईचा नवरा लवकर गेला. मुलगा गणराज तेव्हा शाळेतही जात नव्हता. त्या वलांड्यांवरच तिनं त्याला वाढवलं. कावळा, मांजर, शेजारीण, कुणालाही तिनं आपल्या बोंबलांच्या जवळ फिरकू दिलं नाही. बाईला दया म्हणून कुणी काही दिलं तर ती ते परत नेऊन ठेवायची, आणि ठेवताना दोन शब्द ऐकवून यायची. लोकांनी मग देणं सोडून दिलं.

गणराज होडीवर जायला लागला आणि त्यानं लग्न केलं ते मृणालीशी. मृणाली आतल्या भाताच्या गावची, शेतकऱ्याघरची. अलिबागला कॉलेजात दोघांचं जमलं. सोनूबाईनं लग्नात जेवण वाढलं, पण सुनेकडे पाहिलं नाही. बोंबील कसे टांगायचे? दोघांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी करायची आणि काठीवर टाकायची. मृणालीला ते माहीत नव्हतं, तिनं एकेक बोंबील शेपटीला सुतळी बांधून लटकवला. सोनूबाईनं सगळ्या वाळवणाच्या जागेवर ऐकू जाईल असं तिला फैलावर घेतलं. त्या दिवसापासून ती "भातवाली" झाली. दोन मुलं झाली तरी भातवालीच.

गाठ सापडली तीही भांडणातूनच. मृणाली वरच्या काठीवर बोंबील टाकेना. डावा हात वर जाईना तिचा. सोनूबाई ओरडली, "हात काय गहान ठेवलास?" मृणाली रडायला लागली. मग पदराआड जे दाखवलं ते पाहून सोनूबाई तशीच, हाताला मासळीचा वास, माझ्या दारात. आयुष्यात पहिल्यांदा. "चल. तुजं ते कागद-बिगद काय आसंल ते घे. आमच्या भातवालीला काय तरी झालंय." विनंती नाही, काही नाही. हुकूम.

पुढचं सगळं मीच धावपळ करून केलं. तपासण्या झाल्या. स्तनाचा कॅन्सर. मुंबईच्या मोठ्या सरकारी इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं की अजून वेळ गेलेली नाही, पण आता घालवूही नका. ऑपरेशनसाठी भरती व्हायची तारीख मिळाली, मंगळवारची. ही चुकली तर पुन्हा कधी, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. येताना रक्त देणारी माणसं सोबत आणा, असंही बजावलं.

बातमी गावात पसरली आणि बायकांनी आपल्या जातीवर जायचं ते गेल्याच. मृणाली वलांडीजवळ आली की शेजारणी टोपल्या उचलायच्या, म्हणे हिचा रोग बोंबलांना लागेल. नळावर तिची कळशी भरेपर्यंत बाकीच्या लांब उभ्या. मी ओरडून ओरडून सांगितलं की हा रोग असा लागत नाही. "तुला काय म्हाईत, तू काय डाक्टर हायस?" हे उत्तर.

आणि मग ह्याच लोकांना मायेचा उमाळा आला. तोही खराच, ढोंग नव्हतं, म्हणून मला जास्त संताप येतो.

गावकीचा अध्यक्ष कोंडाजी. त्यानं देवळात बैठक घेतली आणि बोलता बोलता त्याचे डोळे भरले. म्हणाला, आपल्या गावची लेकरंबाळंवाली सून आहे, तिच्यासाठी गावानं राखण द्यायची. राखण म्हणजे आमच्या वेशीवरच्या राखणदार देवाला साऱ्या गावानं नारळ द्यायचा. त्या दिवशी वेशीवर रस्त्याला आडवी सुंभाची दोरी बांधतात. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत कुणी ती ओलांडायची नाही, कुठलीही होडी सुटायची नाही. भर हंगामात सगळ्या होड्या किनाऱ्याला बांधून ठेवायला लोक तयार झाले. एकानंही कुरकुर केली नाही. आणि दिवस कुठला धरला? मंगळवार. तोच मंगळवार, कारण राखण मंगळवारीच देतात आणि पुढच्या मंगळवारी अमावास्या.

मी बैठकीत उभी राहिले. म्हटलं, त्या दिवशी तिला मुंबईला भरती व्हायचंय.

कोंडाजी मला समजावणीच्या सुरात म्हणाला, "क्रांती, डाक्टरची तारीख पुढं ढकलता येते. देवाची न्हाय." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याची बायको सगुणा बायकांत बसली होती, तीही डोलावत होती. मला त्या क्षणी एकेकाच्या डोक्यात नारळ फोडावासा वाटला.

गणराजकडे गेले तर तो जाळं विणत बसलेला. "गाव एवढं करतंय आमच्यासाठी. न्हाय कसं म्हनू?" तुफानात होडी घालणारा माणूस, पण गावकीपुढे त्याची बोबडी वळते. त्यालाही कारण आहे. वाळीत टाकणं आता कायद्यानं गुन्हा आहे, म्हणून तोंडानं कुणी म्हणत नाही. नुसतं लग्नाचं बोलावणं येत नाही, नळावर बायका गप्प होतात, आणि होडीला बर्फ मिळत नाही. बर्फ नाही तर होडी नाही. सोनूबाई कोपऱ्यात सुकट निवडत होती. तिनं वरही पाहिलं नाही. मी तिलाही चार शब्द सुनावले आणि निघून आले.

मंगळवारी सकाळी आम्हाला अलिबागच्या एस्टीपर्यंत सोडायला मी चौलच्या अल्पेशला त्याची मिनीडोअर रिक्षा घेऊन वेशीबाहेर उभं राहायला सांगितलं होतं, आणि आदल्या रात्री सोनूबाईच्या दारातून तसं ओरडून आले होते. गावातलं कुणी त्या दिवशी गाडी काढणार नव्हतं. मी वेशीवर पोहोचले तर सारं गाव जमलेलं. दोरी बांधलेली, तिला आंब्याची पानं. ढोल चालू. मृणालीसाठी राखणदारासमोर पाट मांडलेला, भोवती रांगोळी.

सोनूबाई आली. काखेत पिशवी, मागे मृणाली, तिच्या मागे मान खाली घातलेला गणराज.

कोंडाजी म्हणाला, "वैनी, सुनंला पाटावर बसवा."

एरवी ती त्याला भावजी म्हणायची. त्या दिवशी एकदम नावावर आली. "पाटावर तू बस, कोंडाजी. आमची गाडी उभी हाय."

ढोल थांबला.

"आज वेस बांधलीय, वैनी. तुमच्याच घरासाठी बांधलीय. समद्या होड्या उभ्या केल्यात गावानं, आनि तुम्हीच मोडता?"

"मी आलेली सांगाया, बांधा म्हनून?"

"गावाची माया हाय तुमच्या सुनंवर."

"माया?" सोनूबाई अशी हसली की पुढची पोरं मागे सरली. "नलावर तिची कलशी बघून लांब पलता, ती माया? ती वलांडीकडं आली की टोपल्या उचलता, ती माया? नारल फोडाया समदे पुढं. तिच्या हातचा घोटभर चहा कोन पितो ते सांगा. हाय का कोन?"

कोंडाजीचा चेहरा लाल झाला. "मी सांगून ठेवतो. दोरी ओलांडली तर गावाचा आनि तुमचा संबंध संपला. वर त्या पोरीला काय बरं-वाईट झालं तर ते तुमच्या माथ्यावर."

हे दुसरं वाक्य वाईट होतं. मृणालीनं सासूचा पदर धरला. "आई, नको. ऐकू या गावाचं. पोरांना इथंच राहायचंय."

"पोरांना राह्याला गाव बघतेस, आनि आई कुठून आनशील?" सोनूबाई तिच्यावरच खेकसली. मग कोंडाजीकडे वळली. "माझ्या माथ्यावर, बरं? समद्यांनी ऐकलं ना? काय झालं तर माझ्या माथ्यावर घाला. आधीच कमी हायेत का, त्यात आनखी एक." आणि तिनं दोन्ही हातांनी ती दोरी उचलली, डोक्याच्या वर धरली आणि सुनेला म्हणाली, "बघतेस काय? चल ना, भातवाले."

मृणाली दोरीखालून पलीकडे गेली. मग सोनूबाई गेली. मीही गेले. त्यात माझं शौर्य नाही, मला कुणाच्या बर्फावर जगायचं नाही.

मला वाटलं, आता ती तरातरा गाडीकडे जाईल. पण ती पलीकडे जाऊन उलटी फिरली आणि कमरेवर हात ठेवून गावासमोर उभी राहिली. "आता ऐका. इस्पितलात रक्त लागतंय. ज्याला माया हाय त्यानं ह्या अंगाला यावं. ज्याला न्हाय त्यानं खोबरं खावं."

ती गणराजकडे बघत होती. गणराज दोरीजवळ उभा, घामानं डबडबलेला. "ये रे," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तेवढ्यापुरता फुटला. "बायको तुजी हाय ना? का माजी हाय?" गणराज दोरीखालून आला आणि बायकोच्या बाजूला उभा राहिला.

बाकी कुणी हलेना. ज्यांनी सबंध दिवसाची मासळी सोडली ते लोक, त्यांना चार पावलं टाकवेनात. मला इतकी चीड आली की मी नावं घेऊन हाका मारायला लागले. कुणाच्या बाळंतपणात मी गेले होते, कुणाच्या म्हाताऱ्याला मी दवाखान्यात नेलं होतं, सगळं काढलं. लोक पायाकडे बघत उभे.

आणि बायकांच्या घोळक्यातून सगुणा निघाली. कोंडाजीची बायको. डोक्यावरून पदर घेतलेला, हातात पूजेचं ताट. तिनं ताट शेजारणीच्या हातात दिलं आणि वाकून दोरीखालून आली.

"सगुणा, मागं फिर," कोंडाजी म्हणाला. तिनं वळूनही पाहिलं नाही, सरळ गाडीत जाऊन बसली. कोंडाजी नुसता उभा राहिला. आता वाळीत कुणाला टाकणार होता तो, स्वतःच्या स्वयंपाकघराला? मग गणराजच्या होडीवरचे दोन खलाशी आले, त्यांच्या मागून आणखी एक बाई आली. सोनूबाईनं कुणाचे आभार मानले नाहीत. "आत सरकून बसा, गाडी काय तुमच्या बापाची न्हाय," एवढंच म्हणाली.

मृणालीचं ऑपरेशन झालं. पुढची औषधं, केस गळणं, सुजलेला हात, सगळं निभावून ती आज घरी आहे, तपासणीला जाते. सासू-सुनेची भांडणं पहिल्यासारखीच चालू आहेत. माझ्या साडीवर परवाच पुन्हा पाणी पडलं. हे सगळं मी आधीच सांगून टाकते, कारण मला शेवटी सांगायचंय ते गाडीतलं आहे.

गाडीत सगुणा माझ्या आणि सोनूबाईच्या मध्ये बसली होती. सोनूबाईनं तिला सुखानं बसू दिलं नाही. "तू कशाला आलीस गो? नवऱ्याला जाऊन सांगाया, आमी काय बोललो ते?" सगुणानं नुसता पदर सावरला. बैठकीत मान डोलावणारी ही बाई, माझ्याही मनात तिच्याबद्दल काही बरं नव्हतं. गाडी चौलच्या बागांमधून चालली होती. खलाशी मागे मोठमोठ्यानं बोलत होते. सगुणा माझ्या कानाशी वाकली.

"क्रांती, गाठ आसंल त्या बाईचं रक्त घेतात का गो?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि दया यायच्या आधी राग आला. त्याच वर्षी मी तिच्या दारात जाऊन जाऊन थकले होते, छातीत कुठं गाठ, कुठं दुखतंय का, विचारत. "आमच्यात तसलं काय नसतं," म्हणून तिनं मला ताक देऊन वाटेला लावलं होतं.

सोनूबाईनं ऐकलं होतं. तिचे कान बोंबलाजवळ आलेल्या मांजराची चाहूल घेणारे. "कधीपासून?"

"दिवालीपासून."

"आनि नवऱ्याला सांगितलं न्हाईस?"

सगुणा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सांगितलं आसतं, तर त्यांनी माज्यासाठीबी वेस बांधली आसती."

सोनूबाईनं तिला एक कचकचीत शिवी हासडली. मग तिचा हात ओढून आपल्या मांडीवर घट्ट दाबून धरला आणि पुढे बघून अल्पेशवर ओरडली, "गाडी हाक रे मेल्या, झोपलास काय?"