जिन्याच्या वळणावरचे स्टूल

प्रौढ वर्गात आम्हाला परिचयातील व्यक्तीविषयी लिहावयास सांगितले आहे. मी माझ्या धाकट्या नणंदेची निवड केली आहे.

ती आमच्या लॉन्ड्रीत इस्त्री करते. तिने घडी घातलेल्या चादरीची चारही टोके जुळतात. तिच्या हृदयातील वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मापासून छिद्र होते. ते पन्नाशीत सापडले. तोपर्यंत आम्ही तिला नाजूक समजत होतो आणि ती स्वतःला आळशी समजत होती.

गच्चीवर चादरी वाळत घालावयास जाताना ती जिन्याच्या वळणावर थांबत असे. तिथे माझ्या यजमानांनी स्टूल ठेवले होते. ती बसली की आम्हीही बादल्या खाली ठेवून उभे राहत असू. हळूहळू साऱ्या घराचीच चाल तशी झाली.

छिद्र बुजविल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हृदयाच्या उजव्या बाजूनं इतकी वर्षं जास्तीचं रक्त ओढलं, म्हणून ती फुगली आहे. आता ओझं उतरलं. ती सावकाश आकसेल. पण थेट इतरांसारखी होईलच असं नाही. मधूनच धडधडलं तर लगेच कळवा."

पूर्वी तिची छाती सारखी धडधडत असे, म्हणून सुरुवातीला नणंदेला छातीतल्या शांततेचीच भीती वाटे.

"वहिनी, जरा कान लावून बघा हो, चालू आहे ना?"

"वन्सं, बंद असतं तर विचारलं कोणी असतं?"

पुढील तपासणीत ती बाजू बरीच आकसलेली दिसली. ओझे उचलण्याची परवानगी मिळाली. नणंदेची एकच इच्छा होती, की चादरींची भरलेली बादली स्वतः गच्चीवर न्यावी. जन्मात तिने ती नेली नव्हती. यजमान मात्र ऐकेनात.

"दादा, डॉक्टर हो म्हणाल्या."

"डॉक्टर तुला पाठीवर घेऊन जिना चढल्यात का कधी? मी चढलोय."

"म्हणून तर पाठ धरून बसतोस. आण ती बादली इकडे."

ती पुढे निघाली. मागून यजमान हात पसरून, जणू काचेचे भांडेच चालले आहे. त्यांच्यामागे मी.

वळणावर ती थांबली. यजमानांचा चेहरा उतरला.

"दमलीस ना? सांगत होतो मी!"

तिने बादली ठेवली, छातीवर हात ठेवला आणि क्षणभर लक्ष देऊन पाहिले. श्वास संथ होता.

"नाही रे. पाय आपोआपच थांबले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातली गत." मग आम्हा दोघांकडे पाहून म्हणाली, "पण तुम्ही कशाला थांबलात?"

यजमानांना धाप लागली होती. तिने पायानेच स्टूल त्यांच्याकडे सरकविले.

"बस, दादा. मी आलेच."

तिने बादली उचलली. चपलांचा आवाज न थांबता वर गेला. थोड्या वेळाने ओली चादर जोरात झटकल्याचा आवाज आला.

"हे स्टूल आता काढून टाकायचं का?" मी विचारले.

"राहू दे की," यजमान कपाळ पुसत म्हणाले, "माझं बसून होऊ दे आधी."