‘कुठे?’ विचारणारे काका

स्कूटरला किक मारणाऱ्या माणसाला अंगाला हात न लावता, आवाज न चढवता परत घरात नेऊन बसवणारा माणूस अख्ख्या नाशकात एकच होता, आणि तो नेमका आमच्या समोर राहत होता. आम्ही त्यांना नुसतं काका म्हणायचो. कॉलेजात मानसशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. काकू गेलेल्या, मुलगी परदेशात. बोलायला कुणी मिळावं एवढीच काय ती त्यांची भूक. "गाडीवरचा माणूस मान हलवतो नि जातो. थांबतो तो पायी जाणारा," असं ते म्हणत. गंगापूर रोडजवळच्या आमच्या गल्लीला चालायला लावायचं त्यांनी मनावर घेतलं ते म्हणूनच.

उपदेश त्यांनी कधीच केला नाही. उपदेशाने माणूस मुद्दाम उलट वागतो, हे त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलेलं. ते फाटकाशी उभे राहत आणि कुणी स्कूटर सुरू केली की गोड आवाजात विचारत, "कुठे?" बाहेर पडणाऱ्याला ‘कुठे’ विचारू नये, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. झालं! गाडी बंद, माणूस घरात. जरा टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं, मग पुन्हा निघायचं, पुन्हा किक, पुन्हा "कुठे?" पायी निघणाऱ्याला मात्र ते प्रेमाने "या जाऊन" म्हणत आणि चौकापर्यंत सोबतही करत. माझे वडील विज्ञानाचे शिक्षक, शकुन-अपशकुन थोतांड आहे असं वर्गात ठणकावून सांगणारे. दुसऱ्या किकेनंतर तेही पिशवी घेऊन मुकाट भाजीला चालत गेले. "मी मानत नाही, पण उगाच कशाला?" एवढंच म्हणाले.

सगळ्यात हाल झाले दिंडोरीकडून येणाऱ्या दूधवाल्याचे. काकांचा प्रश्न आला की तो समोर दिसेल त्या घरी पाणी मागायचा. दुधाच्या कॅन बाजूला ठेवून दूधवाला सारखा पाणी मागतोय म्हटल्यावर बायका त्याच्याकडे वेगळ्याच नजरेने बघू लागल्या. शेवटी तो काकुळतीला आला. "मास्तर, नका ना इचारू. लोकं लय संशय घेऊ ऱ्हायले." तेव्हापासून तो आमच्या गल्लीत गाडी बंद करून ढकलत आणायचा आणि काकांशी पावसापाण्याच्या गप्पा मारत जायचा. काका त्या काळात फार खुशीत असत.

पुढे गल्लीत मोटारी आल्या. काचा बंद, आत गार हवा आणि गाणी. काका फाटकाशी उभे राहून विचारत, पण आत काही ऐकूच जात नसे. ते हात करताहेत असं वाटून लोक हसून हात हलवत नि निघून जात. मला त्याचं फार वाईट वाटायचं. एका संध्याकाळी मी गाडी तशीच बाजूला लावली आणि म्हटलं, "चला काका, सोमेश्वरपर्यंत जाऊन येऊ." सबंध वाट ते बोलत होते. मधे दम लागला तरी थांबून बोलत होते.

परतताना फाटकाशी म्हणाले, "वेळ झाला तर उद्याही ये. जमलं तरच हं."

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर गेलो. काका बूट घालून, इस्त्रीचा शर्ट चढवून पायरीवर बसलेले होते. किती वेळचे, ते मी विचारलं नाही.